भीतीची काठी

पोरीची भीती घालवायला आपण एकटे पुरेसे आहोत, असं हिरामणने दिघी गावभर सांगून ठेवलं होतं! त्याच्या ठमीला मुरुडच्या शाळेत पाचवीला घातलं होतं. पलीकडे आगरदांड्याला मावशीकडे राहायचं, तिथून एसटीने शाळेत जायचं. पण मधली खाडी होडीने ओलांडायची म्हटलं की पोरीचे पाय धक्क्यावरच थिजत. सोमवारी आली नाही तर नाव कमी करू, असा मास्तरांचा निरोप आला होता.

हिरामण खारबांधावरचा माणूस, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध राखणारा. उधाणाचं पाणी मोजायची काठी त्याने उपटून आणली आणि तिला लाल चिंधी बांधली.

"भीती चढली की चिंधी वर सरकव. पानी मोजलं की बांध घालता येतो. भीतीचं तसंच हाय."

झालं! उठल्याबरोबर हिरामण विचारी, "ठमे, कुठवर आली?" जेवताना विचारी. शेजारचा बुधाजी कुडावरून डोकावून विचारी. चंद्राबाई तर पाण्याला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून येई. सगळ्यांनी विचारून विचारून चिंधी पार ठमीच्या गळ्यापर्यंत पोचली.

"आधी नुस्ती होडीला भ्यायची," त्याची बायको मनुबाई म्हणाली, "आता काठीलाबी भिते."

"मंग मी जातो संगती," हिरामण बोलून गेला. मुरुडचा बाजार आजवर मनुबाईच करायची. बांध सोडून कसं जायचं, असं तो सांगे. खरं तर उभ्या जन्मात त्याने होडीत पाय ठेवला नव्हता.

सोमवारी भर खाडीत होडी डुलली. हिरामणने डोळे गच्च मिटले आणि बरोबर घेतलेल्या काठीला मिठी मारली.

"बाबा, कुठवर आली?" ठमीने विचारलं.

त्याने काठीच्या टोकाच्याही वर बोट दाखवलं.

"डोळं उघड, खाली बगू नको. माज्याकडं बग. हां, आता उतरंल." बापाला सांभाळता सांभाळता ठमीला भ्यायला सवडच मिळाली नाही. होडी लागताच ती धक्क्यावर उतरली आणि तडक एसटीत जाऊन बसली. हिरामणचा ऊर भरून आला. घालवली की नाही भीती!

"चल, परत निघालो," होडीवाला म्हणाला.

हिरामणने होडीकडे पाहिलं, मग काठीकडे.

आज गुरुवार. हिरामण अजून मेव्हणीकडेच आहे, तिची लाकडं फोडतोय. संध्याकाळी ठमी शाळेतून आली की काठी पुढे करून विचारते, आणि तो निमूटपणे चिंधी सरकवतो. शनिवारी शाळा लवकर सुटते. तेव्हा ती त्याला हाताला धरून घरी पोचवणार आहे.