टोपी उचलली आणि श्टोलन मोडला

"फळी खांद्यावर असताना कुणालाही नमस्कार करायचा नाही," लीस्बेटने सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं.

"आणि ओळखीचं माणूस भेटलं तर?"

"ओळखीचं आहे ना? मग समजून घेईल."

ओटमारने मान डोलावली. बायकोसमोर तो एवढंच करू शकत असे. गेली चाळीस वर्षं नाताळचे श्टोलन, म्हणजे मनुका-बदाम घातलेले लांबट गोड पाव, बेकरीतून घरी आणायचं काम तिचं होतं. दरवर्षी ती घरचं पीठ, लोणी, बदाम आणि रममध्ये भिजवलेल्या मनुका बेकर मेल्त्सरकडे पोचवायची, मेल्त्सरने मळलेल्या प्रत्येक गोळ्यावर आपल्या आईच्या वेळची, चिमणी पाखराच्या आकाराची पत्र्याची खूण खोचायची, म्हणजे भट्टीत दुसऱ्याच्या घरच्यांशी अदलाबदल व्हायला नको, आणि दुसऱ्या दिवशी भाजलेले श्टोलन मांडलेली लांब फळी खांद्यावर घेऊन डोंगराच्या चढाने घरी यायची. यंदा मात्र शरद ऋतूत तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. फळीच काय, पाण्याची बादली उचलायलाही डॉक्टरांनी मनाई केली होती. तेव्हा ओटमारला पर्याय नव्हता, आणि खरं सांगायचं तर लीस्बेटलाही नव्हता.

श्टोलन आणण्यात एवढं काय अवघड, असं परक्या माणसाला वाटेल. पण भट्टीतून घरी येताना वाटेत श्टोलन मोडला, तर वर्षाच्या आत त्या घरातलं एक माणूस जातं. हे आमच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कुणाचाही विश्वास नाही. विश्वास नाही म्हणूनच फळी आणणारा माणूस जीव मुठीत धरून चालतो.

ओटमारही तसाच चालला. बेकरी, पूल, शाळा, सगळं नीट पार पडलं. चर्चच्या कोपऱ्यावर समोरून पाद्री हायडेल आले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "काय ओटमार, लीस्बेटबाई कशा आहेत?"

ओटमारने सारी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात घालवली होती. कुणी साहेब दिसला की हात आपोआप टोपीकडे जाई. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. टोपी उचलली गेली, फळी कलली, आणि चारातला शेवटचा श्टोलन सावकाश घसरत दगडी पायरीवर पडला. बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. चिमणी एका तुकड्यावर तशीच बसून राहिली.

दोघांनीही खाली पाहिलं.

"मी काही पाहिलं नाही," पाद्री म्हणाले.

"पाद्रीसाहेब, ही सगळी अंधश्रद्धा आहे ना?"

"शंभर टक्के. मी दरवर्षी प्रवचनात सांगतो."

"मग हा तुम्ही घरी न्या. देवाच्या माणसाला कसला अपशकुन?"

पाद्रींनी घसा साफ केला. "नेला असता हो. पण घरी सासूबाई आहेत. नव्वदी ओलांडली आहे त्यांनी. उद्या त्या आपल्या वयाने गेल्या, तरी बायको म्हणेल की तुम्हीच उचलून आणलं घरात." आणि देवाचा माणूस आला त्यापेक्षा दुप्पट वेगाने निघून गेला.

ओटमारने दोन्ही तुकडे कोटाच्या आत घातले. आयुष्यभर त्याने या गोष्टीची टिंगल केली होती. पण आता छातीशी ते तुकडे अजून कोमट लागत होते, आणि त्याच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलातली लीस्बेट येत होती, नळ्या लावलेली, कुणालाही हुकूम न सोडणारी. तिला हे कळता कामा नये, एवढं एकच त्याने पक्कं ठरवलं.

तुकडे लाकडांच्या खोपटात, हत्यारांच्या पेटीत गेले. उरलेले तीन घेऊन तो स्वयंपाकघरात आला. लीस्बेट वरून लावायला पातळ केलेलं लोणी आणि साखर घेऊन तयार बसली होती.

"तीनच?"

"चौथा जरा कच्चा राहिला. मेल्त्सरने परत भट्टीत घातलाय."

"मेल्त्सरने? कच्चा?" लीस्बेटने ब्रश खाली ठेवला. "त्या माणसाने जन्मात कधी कच्चं काढलं नाही. त्याची तब्येत बरी आहे ना?"

"जरा दमल्यासारखा वाटला खरा," ओटमार म्हणाला. एक खोटं बोललं की दुसरं फुकट मिळतं, तसं ते तोंडातून निघून गेलं. मग चौथा श्टोलन आणण्याचं निमित्त करून तो सटकला आणि थेट लोथारकडे गेला.

लोथार त्याचा रेल्वेतला जुना सोबती. विधुर, एकटा. ओटमारने त्याला सगळं सांगितलं आणि आपली युक्ती पुढे मांडली. "तुझा एक अख्खा मला दे, माझा मोडका तू घे. चवीत फरक नाही. आणि तुझ्या घरी कोण मरणार आहे?"

लोथारने पाइप तोंडातून काढला. "मी."

"हां. तू."

"तुझ्या लक्षात नव्हतं ना लेका?"

"नव्हतं रे. खरंच नव्हतं," ओटमार खाली मान घालून म्हणाला. त्याचा चेहरा पाहून लोथारने पुढची शिवी गिळली, पण मोडका घ्यायला तो तयार झाला नाही.

ओटमार गावात आणखी दोन दारं ठोठावत होता, तेव्हा इकडे लीस्बेटने शेजारच्या ट्राउडेलला खिडकीतून हाक मारली होती. "मेल्त्सर आजारी आहे गं, श्टोलन कच्चा काढला त्याने. एवढं सूप पोचव त्याला."

ट्राउडेल सूप घेऊन बेकरीत गेली. तिथे मेल्त्सर दोन माणसांचं काम करत शीळ घालत होता.

"कोण आजारी? मी? आणि कच्चा श्टोलन?" त्याने कणकेचे हात कमरेवर ठेवले. "चारही सोन्यासारखे भाजून दिलेत मी. नाव खराब करतोय माझं तो टोपीवाला."

दुकानात रांगेत पाद्रींची बायको उभी होती. नवऱ्याने काहीही पाहिलं नव्हतं, पण घरी येऊन ते तिला सविस्तर सांगितलं होतं. पुढच्या गोष्टी काय सांगायच्या? सूप निवायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं की ओटमार मोडका श्टोलन खपवायला दारोदार फिरतोय, आणि का फिरतोय.

संध्याकाळी ओटमार हात हलवत घरी परतला. काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात चालू होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. लोथार उभा होता, बगलेत फडक्यात गुंडाळलेला श्टोलन.

"लीस्बेट, माझा एक जास्तीचा झाला. एकट्याला किती लागतो?"

तो बसतोय न बसतोय तोच ट्राउडेल आली. तिचाही एक जास्तीचा झाला होता. मग मेल्त्सर स्वतः आला, सूपचं भांडं आणि वर एक श्टोलन घेऊन. मग पाद्री आणि त्यांची बायको. नंतर ज्यांची दारं ओटमारने ठोठावली होती तीही घरं आली. त्या वर्षी गावात कुणाचाही श्टोलन जास्तीचा झालेला नव्हता. आमच्या दुकानांत काही मिळायचं नाही; मनुका सीमेपलीकडच्या, पश्चिमेकडच्या नातेवाइकांच्या पार्सलातून यायच्या, संत्र्याच्या सालीऐवजी हिरवे टोमॅटो साखरेत घोळवून घातलेले असायचे, आणि बदाम मोजून असायचे. मोडका कुणालाच घरात नको होता, पण आपला अख्खा द्यायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही. टेबल भरलं, मग खिडकीची कड भरली.

लीस्बेटने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी मेले का?"

सगळ्यांनी घाईघाईने नकारार्थी माना हलवल्या.

"मग हे काय चाललंय? ओटमार."

ओटमारने टोपी काढून हातात घेतली. "चर्चपाशी पाद्री भेटले. मी नमस्कार केला."

"मोडला?"

"मधोमध. खोपटात लपवलाय." तो टोपीची कड चाचपू लागला. "मला भीती वाटली लीस्बेट. तू नुकती परत आलीस. मी तुझ्याशिवाय... मला साधी कॉफीसुद्धा जमत नाही."

पाद्रींच्या बायकोने डोळ्यांना रुमाल लावला. लीस्बेटला चांगलंच झापायचं होतं, तिचं तोंडही उघडलं होतं. पण तिने टेबलावरच्या त्या ढिगाकडे पाहिलं आणि ते मिटलं. ती म्हणाली, "हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मला एकच वाटत होतं. आणखी एक नाताळ मिळावा, आणि श्टोलनचा एक तुकडा. एकच मागितला होता मी." मग तिने नाक पुसलं आणि आवाज मूळपदावर आणला. "जा, तो मोडका घेऊन ये. आणि सुरी काढ."

"आत्ता? नाताळाआधी?" ट्राउडेल दचकली. नाताळाआधी श्टोलनला सुरी लावणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ धर्मांतरच.

"मोडलेल्याचा नियम वेगळा आहे," लीस्बेट म्हणाली. "माझ्या आईकडे होता. मोडका एकाच घराने खाल्ला तर त्या घरातलं माणूस जातं. पण सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून खाल्ला, तर संकट वाटलं जातं. एवढ्या घरांत वाटलं गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला फार तर सर्दी येते."

लोथारने मनातल्या मनात हिशोब केला. "सर्दी मला चालेल."

पाद्रींनी बायकोकडे पाहिलं. "सासूबाईंनाही एक तुकडा नेऊ या. लोकरीची शाल आहे त्यांच्याकडे."

मोडका श्टोलन लोणी-साखरेशिवाय, कोरडाच कापला गेला. मेल्त्सरने आपल्या तुकड्याचा कडक भाग वाजवून दाखवला आणि "कच्चा म्हणे" असं पुटपुटला. सगळ्यांनी खाल्ला, पोरांसाठी नेला, भुगासुद्धा उरला नाही. जाताना लीस्बेटने प्रत्येकाचा अख्खा श्टोलन ज्याचा त्याला परत देऊ केला. एकानेही घेतला नाही. मग तिनेही आपल्या तिनांतला एक लोथारच्या बगलेत कोंबला आणि एक पाद्रींच्या सासूबाईंसाठी दिला.

सगळे गेल्यावर ओटमारने भीतभीत विचारलं, "तुझ्या आईकडे खरंच असा नियम होता?"

"आता आहे," लीस्बेट म्हणाली.

जानेवारीत अख्खी गल्ली शिंकत होती. ट्राउडेलचा आवाज बसला, मेल्त्सरने नाकावर फडकं बांधून पाव भाजले, पाद्रींनी प्रवचन निम्म्यावर थांबवून खोकून घेतलं. फक्त त्यांच्या सासूबाईंना काही झालं नाही. त्यांनी दुसरा तुकडा मागितला.

सगळ्यांत जोरात लीस्बेट शिंकायची. रविवारी चर्चमधून घरी येताना तर तिने चढावर ठिकठिकाणी थांबून शिंका दिल्या, आणि प्रत्येक शिंकेनंतर ओटमार मनातल्या मनात देवाचे आभार मानत राहिला. इतकं सुंदर काही त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याचा एक हात तिच्या कमरेभोवती होता, दुसऱ्या हाताने त्याने तिचा हात धरला होता.

कोपऱ्यावर पाद्री मागून आले. "नमस्कार, ओटमार."

ओटमारचा हात टोपीकडे गेला नाही. ओळखीचं माणूस होतं, समजून घेईल.