एकेक करून पाठवा

"तुमचे यजमान वारले आहेत, की नुसते निवृत्त झाले आहेत?"

सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी बाईला हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच: मनोहरभाऊ धकाते. आणि तो प्रश्न इंग्रजीत करून, खाली 'आपला विश्वासू' वगैरे घालून, पाठवून देणारा गाढवही एकच. तो मी.

मनोहरभाऊ आमच्या लाखनीचे. हायवेला लागून त्यांचं वर्कशॉप. लोखंडी शटर, आत एक म्हातारा लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक खाट. ट्रकचे बुश, राईस मिलचे शाफ्ट कातून द्यायचे, हा धंदा. घराणं कोष्ट्याचं. लहानपणी त्यांनी वडिलांचा हातमाग खोलून पाहिला. तो परत काही जोडता आला नाही, म्हणून वडिलांनी त्यांना लेथवर कामाला धाडलं, असं ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगतात. मी त्यांचा शेजारी. शाळेत इंग्रजी शिकवतो. म्हणजे गावाच्या समजुतीप्रमाणे मला इंग्रजी येतं.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना मोबाईलवर एक वेबसाईट दाखवली. इंग्लंड-जर्मनीतले लोक घरातली जुनी हत्यारं तिथे विकायला ठेवतात आणि जगात कुठेही पाठवतात. झालं. दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊ माझ्या दारात. "गुरुजी, विलायतेले एक चिठ्ठी लिहाची होती."

पहिलीच चिठ्ठी वरची. हवा होता रीमर, म्हणजे लोखंडातलं भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार. मी म्हटलं, "मनोहरभाऊ, असं विचारत नसतात. रीमर किती मापाचा आहे ते विचारू."

"माप फोटोत दिसून राहिलं. हे इचारा."

"पण कशाला?"

"जित्ता माणूस चांगलं हत्यार इकत नाही, गुरुजी. इकून राहिला तो जित्ता असन, तर हत्यारात खोट आहे समजा. मेला असन तर डोळे मिटून घ्या. आम्ही मामासंगं अड्याळच्या बाजारात बैल पाहाले जावो. दात मागून पाहो. आधी इचारो, काहून इकून राहिले बाप्पा?"

तेव्हापासून काहीही घ्यायचं झालं की आधी मयताची चौकशी. एका जर्मन गृहस्थांनी उलट कळवलं की आपण संपूर्ण जिवंत असून प्रकृती उत्तम आहे. मनोहरभाऊ म्हणाले, "आनंद आहे म्हणा. अन् राहू द्या म्हणा."

सामान आलं तरी लगेच वापरायचं नाही. खोक्यासकट ते तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पुरून ठेवायचं. आंबे पिकत घालावेत तसं. कुणी घाईचं गिऱ्हाईक विचारू लागलं तर सांगणार, "लांबून आलं ना ते. थंडीतून आलं. जरा आपला वारा लागू द्या त्याले." मीही एकदा गुपचूप तणसात हात घालून पाहिला. मायक्रोमीटर खरोखरच कोमट लागला.

या सगळ्या व्यवहारात माझं योगदान काय, असं कुणी विचारू नये. तरी सांगतो. एकदा मी त्यांच्यासाठी चक मागवला. चक म्हणजे लेथवर लोखंड पकडून ठेवणारा पंजा. मनोहरभाऊंना हवा होता तो दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. फोटोत तो पंजा सिंहाचा दिसत होता. आला तो बर्फीच्या डब्यात मावेल एवढ्या खोक्यात. घड्याळजीचा होता. मनोहरभाऊंनी तो तळहातावर घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हे कानातलं कोनाचं आहे?"

दुसऱ्यांदा वेबसाईटवरच्या यादीतून जिल्हा निवडताना माझं बोट घसरलं आणि पार्सल गोंदियाला, म्हणजे पूर्वी आमच्यातच असलेल्या शेजारच्या जिल्ह्यात, गेलं. सासुरवाडी गोंदियाची असल्यामुळे हे मुद्दाम केलं असा माझ्यावर घरातूनही आळ आला. बसने जाऊन मी ते मांडीवर घेऊन आलो. मनोहरभाऊ पार्सल फोडता फोडता म्हणाले, "सरकारनं जिल्हा वाटून देला बाप्पा, पण गुरुजीचा हिस्सा अजून तिकडंच आहे."

तर ती रीमरवाली बाई. इतर विक्रेते आमच्या प्रश्नाला घाबरून गप्प बसत. तिचं मात्र उत्तर आलं. "माझे पती वसंत ऋतूत वारले. विचारलंत याबद्दल आभार. बाकी सगळे फक्त किंमत विचारतात."

नाव डोरोथी. मनोहरभाऊंनी तिची ताबडतोब दुरपताबाई, म्हणजे आमच्याकडची द्रौपदी, केली. माझ्या तोंडीही तेच बसलं, इतकं की एकदा मी 'प्रिय दुरपताबाई' असंच लिहून पाठवलं. तिने विचारलं, याचा अर्थ काय. मी कळवलं, आमच्याकडच्या एका राणीचं नाव आहे. ती खूश झाली. तेवढी एक चूक माझ्या खात्यावर जमेची.

तिच्या घरामागे लाकडी शेड होती. नवऱ्याने आयुष्यभर जमवलेली हत्यारं तिथे भिंतीवर टांगलेली, प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रंगाची रेघ. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. पहिल्या पत्रात रीमर म्हणजे 'तो खाचांचा लांब दांडा' होता. मनोहरभाऊ चौकशा करत. त्याला गंज आहे का? कोणत्या बाजूला? तेल कोणतं लावत होते? डबी कुठे आहे? बाई शेडमध्ये जाऊन बघून येत आणि कळवत. हळूहळू पत्रं लांबू लागली. मग तिला नावं यायला लागली. मग तेलाच्या डबीबरोबर नवऱ्याच्या खोड्याही यायला लागल्या: तो शेडमध्ये बसून चोरून बिस्किटं खायचा, वगैरे. मनोहरभाऊ ते दोनदा वाचून घेत. "बिस्कुटाचं पुन्हा सांगा जी."

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. रस्त्यापलीकडे श्रीरामभाऊंची राईस मिल. ते मिलच्या ओट्यावरून हाक मारत, "काय मनोहर, दुरपतेची चिठ्ठी आली का? लगनाची तारीख सांग, अक्षतेचे तांदूळ माहे."

"तुह्या तांदळात खडे असतात," मनोहरभाऊ म्हणत. "तिचे दात चांगले आहेत."

एका पत्राबरोबर शेडचा कोपरा दाखवणारा फोटो आला. कोपऱ्यात कापडाखाली एक लेथ होता. छोटा, हिरवट, कडा अजून चकाकणाऱ्या. मनोहरभाऊंनी दोन बोटांनी तो फोटो एवढा मोठा केला की शेवटी पडद्यावर फक्त तेलाचा एक डाग उरला. तरी ते बघतच राहिले. असा लेथ त्यांनी तरुणपणी कुठल्याशा कारखान्यात एकदा पाहिला होता, हात लावायची परवानगी नव्हती. एवढंच बोलले. आणि पहिल्यांदाच त्यांनी काही चौकशी केली नाही. चौकशी केली तर तो कुणी पळवून नेईल असं त्यांना वाटलं असावं.

आणि मग ते पत्र आलं. दुरपताबाईंच्या मुलाला शेड पाडून तिथे गाडीसाठी जागा करायची होती. बाईंनी लिहिलं होतं: उरलेलं सगळं तुम्हीच घ्या, लेथसुद्धा. एकाच पेटीत भरून बोटीने पाठवते. किमतीचं मला काही नाही. नाहीतर मुलगा भंगारवाल्याला बोलावणार आहे.

मी तसाच घरातल्या चपला घालून धावलो, त्याही एक माझी आणि एक बायकोची. "मनोहरभाऊ, उघडलं नशीब. सगळी शेड येते. लेथ येतो. बोटीचं भाडंसुद्धा एकदाच."

त्यांनी पत्र वाचून घेतलं. हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"नाही म्हणा."

"काय?"

"जागा नाही म्हणा. एकेक करून पाठवा म्हणा. अन् लेथ सप्प्यात शेवटी."

मी वर्कशॉपभर नजर फिरवली. तिथे लग्नाची पंगत बसली असती, वर वाढप्यांना फिरायलाही जागा उरली असती. "मनोहरभाऊ, भंगारात जाईल तो लेथ."

"मले समजत नाही का, गुरुजी?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "लिहा तुम्ही."

मी लिहिलं. जरा रागानेच लिहिलं. बाईंचं उत्तर आलं: पण मागे तुम्ही वर्कशॉपचा फोटो पाठवला होतात, तिथे तर खूप जागा दिसत होती. तो फोटो मीच हौसेने पाठवला होता, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर श्रीरामभाऊंच्या मिलमधून तांदळाची पोती पाठीवर घेऊन हमाल रस्ता ओलांडून वर्कशॉपमध्ये येत होते. आत छपरापर्यंत थप्पी लागत होती. मिलसमोर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, श्रीरामभाऊ ओरडताहेत, "घाई करा रे. फोटो काढा अन् माल वापस आणा. गाडी खोळंबून राहिली."

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"जागा नाही म्हून राहिलो ना," मनोहरभाऊ म्हणाले. "मंग जागा असाले नको. काढा फोटो, गुरुजी. दुरपताबाईसंगं खोटं बोलाचं नाही मले."

मी काढला. पोती, पोत्यांच्या वर पोती, पुढे मनोहरभाऊ चेहरा अगदी दीनवाणा करून आणि अंग चोरून उभे. फोटो लगेच पाठवला आणि शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत तोच फोटो मोठा करून पाहिला. डाव्या बाजूला अर्धं वर्कशॉप रिकामंच्या रिकामं आलं होतं. खाट दिसत होती. खाटेशेजारी गल्लीतलं पिवळं कुत्रं चारी पाय पसरून, पोट वर करून झोपलं होतं.

उत्तर येईपर्यंत मी मनोहरभाऊंच्या नजरेला नजर दिली नाही. ते आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं.

"प्रिय मनोहर, फोटो पाहिला. केवढा हा तांदूळ. तुमची अडचण माझ्या लक्षात आली. एवढ्या दाटीत त्या बिचाऱ्या कुत्र्याची तर फारच गैरसोय होत असेल. मुलाला फोटो दाखवून सांगितलं आहे की भारतातल्या गृहस्थांकडे खरोखरच जागा नाही, आपल्याला थांबावं लागेल. तो कुरकुरला. पण शेड राहते आहे. एकेक करून पाठवीन. लेथ सगळ्यात शेवटी. तोवर त्याला तेल कोणतं लावू, ते कळवा."

मनोहरभाऊ खाटेवर बसले. "कुत्रं कोनतं म्हणते ती?" मी फोटो दाखवला. ते बराच वेळ हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मग डोळे पुसले आणि पुसत राहिले.

आता मात्र मला राहवेना. म्हटलं, "एवढा आवडीचा लेथ. हातात आलेला. कशासाठी हे?"

पोती परत गेली होती. जमिनीवर थोडे तांदूळ सांडले होते, ते त्यांनी पायाने एका बाजूला केले.

"माही बायको गेली ते तुम्ही लाखनीत याच्या आंधीची गोठ," ते म्हणाले. "मी शटर पाडून आत खाटीवर पडून राहो. लेथ पाहावासा वाटे ना. हा श्रीराम रोज एक शाफ्ट घेऊन ये. शटर ठोके. म्हणे, मिल बंद पडली, आत्ताच करून दे, मानसं बसून आहेत. आता उठाच लागे, गुरुजी. गिऱ्हाईक दारात. लेथवर चढवून पाहो, तर शाफ्ट सरळ सोट. काहीच झालं नाही त्याले."

"मग?"

"मंग काय. जरासा पालीश मारून देऊन देवो. दुसऱ्या दिवशी दुसरा घेऊन ये. तोही सरळच."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तोही नाही बोलला."

रस्त्यापलीकडे श्रीरामभाऊ कुणावर तरी डाफरत होते. मनोहरभाऊंनी मोबाईलवरचा शेडचा फोटो पुन्हा उघडला, कोपऱ्यातल्या हिरव्या लेथवर क्षणभर बोट ठेवलं आणि मग बोट वर भिंतीकडे सरकवलं.

"लिहा. तेल पातळ लावा म्हणा, घट्ट नको. अन् हे वरून दुसरं, खिडकीपाशी टांगलं आहे ते ड्रिल. त्याची लांबी मोजून सांगा म्हणा."

"ते आपण घेणार आहोत?"

"नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

"तिकडं आता सकाळ झाली असन," ते म्हणाले. "पाठवा लौकर. चहा पिऊन मोकळी बसली असन ती. जरा शेडात जाईल."