हॉलमधली छत्री

जावई स्टुलावर चढून हॉलमधल्या ट्यूबचा चोक बदलत होता आणि खाली सासरे स्टूल धरून उभे होते. धरता धरता ते सूचनाही करत होते. जावई त्या ऐकत नव्हता. इतर विषयांत त्याने सासऱ्यांचे पुष्कळ ऐकून घेतले असते, पण चोक हा त्याचा प्रांत होता. एका लहानशा कारखान्यात इलेक्ट्रॉनिक चोक डिझाइन करण्याचेच तो काम करत असे. ट्यूबच्या पट्टीत बसून तिला पेटवणारा आणि पेटल्यावर ताब्यात ठेवणारा जो डबा असतो, तो चोक. जुन्या पद्धतीचा चोक विटेसारखा जड, हात लावला तर चटका देणारा आणि रात्रंदिवस गुणगुणणारा. जावयाने वर्षभर खपून बनवलेला चोक हलका होता, तापत नव्हता आणि तोंडातून ब्र काढत नव्हता.

असे सहाशे चोक शनिवारी सकाळी टेम्पोत भरून एका नव्या हॉटेलात जायचे होते. त्यातलाच एक नग सोमवारी संध्याकाळी कौतुकाने घरी आला होता.

बटण दाबताक्षणी ट्यूब लागली.

"अगंबाई, लगेच लागली!" बायको म्हणाली. "नाहीतर अख्ख्या बिल्डिंगमधे सगळ्यात उशिरा ट्यूब लागायची ती आपल्याकडे. लोकांना सांगायची लाज वाटायची मला, नवरा काय करतो ते."

"आणि आवाज नाही," सासरे म्हणाले. "हे झकास केलंत, जावईबापू."

सासऱ्यांकडून असे प्रमाणपत्र मिळणे सोपे नव्हते. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षे दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा कोणाच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. जे मोजले आणि वहीत लिहिले, तेवढेच खरे. महिनाभरासाठी ते मुलीकडे राहायला आले होते आणि पहिल्याच दिवशी टीव्हीचा रिमोट, कोणी काही न ठरवता, त्यांच्या हातात गेला होता.

त्याच संध्याकाळी सातच्या बातम्या लावताना हा रिमोट बंद पडला.

सासऱ्यांनी बटण हळू दाबले, जोरात दाबले, रिमोट तळहातावर आपटून पाहिला. बायकोने भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्यात घातले. रिमोट तरीही ढिम्म हलला नाही. ते सेल परत घड्याळात घालायचे मात्र राहून गेले, त्यामुळे मंगळवारी सकाळी जावई सात वाजून दहा मिनिटांकडे विश्वासाने बघत चहा पीत राहिला आणि कारखान्याची बस निघून गेली.

त्यानंतर तासाभरात रिमोट आपोआप सुरू झाला. दुपारी मेकॅनिक आला, त्याने सगळी चॅनेल पुढे-मागे करून दाखवली, "चांगला तर चालतोय की," म्हणाला आणि गेला. संध्याकाळी रिमोट पुन्हा गप्प. बुधवारी दुपारी मेकॅनिक परत आला. रिमोट परत चालत होता. या वेळी मेकॅनिकने जरा वेगळ्या नजरेने सासऱ्यांकडे पाहिले.

"काका, बटण नीट दाबता ना? कधी कधी वयामुळे काय होतं, बोटात जोर राहत नाही."

मेकॅनिक गेल्यावर सासऱ्यांनी पिशवीतून नवी वही काढली, पट्टीने तीन उभ्या रेघा मारल्या आणि नोंदी करायला सुरुवात केली. जावई घरी आला तोवर त्यांचा निष्कर्ष तयार होता.

"तुमचा दिवा लागला की हा रिमोट मरतो."

"बाबा, ट्यूबचा आणि रिमोटचा काय संबंध?" जावई हसत म्हणाला. "ती वर भिंतीवर, टीव्ही खाली टेबलावर. मधे साधी वायरसुद्धा नाही."

"संबंध तुम्ही शोधा. मी वेळ लिहिली आहे."

"योगायोग असेल."

"अकरा वेळा?"

जावई हात धुवायला निघून गेला. ट्यूब क्षणात पेटावी म्हणून ज्याने वर्ष घालवले होते, त्याची स्वतःची ट्यूब पेटायला आणखी एक दिवस लागणार होता.

गुरुवारी संध्याकाळी बायको ऑफिसातून आली, तेव्हा हॉलमध्ये टीव्हीवर मोठी काळी छत्री उघडलेली होती. छत्रीची मूठ पडद्याच्या दांडीला सुतळीने बांधली होती आणि समोर खुर्चीत सासरे रिमोट रोखून बसले होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"सावली केली आहे."

"कोणाला?"

"टीव्हीला. त्याला त्रास होतो उजेडाचा."

बायकोने पर्स ठेवली, शांतपणे स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतले आणि नवऱ्याला फोन लावला.

"लवकर या. बाबा टीव्हीवर छत्री धरून बसलेत."

"छत गळतंय का?"

"नाही."

"मग?"

"टीव्हीला उजेडाचा त्रास होतो म्हणे." ती म्हणाली. "कालपासून वहीत काहीतरी लिहितात सारखे. मला वाटलं, हिशेब असेल. अहो, माझे बाबा असे नव्हते हो."

जावई निघाला. पण त्याला पोहोचायला वीस मिनिटे लागणार होती आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर दोन मिनिटांत पोहोचण्यासारखे होते. म्हणून डॉक्टर आले. सहज चहाला आल्यासारखे सासऱ्यांच्या शेजारी बसले आणि छत्रीकडे न बघण्याची त्यांनी शिकस्त केली.

"काय काका, आज वार कोणता?"

"गुरुवार. सहा वाजून सत्तावन्न. तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे."

"बरं, शंभरातून सात वजा करा. मग आलेल्या उत्तरातून परत सात. असं करत जा."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. कुठे थांबू?"

डॉक्टर अजून बहात्तरपाशीच होते. "पुरे, पुरे," ते म्हणाले. "एकदा बीपी बघून टाकू."

"हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?"

डॉक्टरांनी यंत्र बॅगेत परत ठेवले.

"झालं तुमचं?" सासरे म्हणाले. "आता माझं बघा." त्यांनी सुतळी सोडून छत्री बाजूला केली आणि रिमोट दाबला. काही झाले नाही. छत्री पुन्हा टीव्हीवर धरली, रिमोट दाबला. चॅनेल बदलले. छत्री काढली, चॅनेल जागच्या जागी. छत्री धरली, चॅनेल बदलले.

"द्या बघू इकडे," म्हणून डॉक्टरांनी रिमोट घेतला आणि सहा-सात वेळा स्वतः करून पाहिले. शेवटच्या दोन वेळा तर शंका म्हणून नव्हतेच, मजा वाटली म्हणून. "अरे, खरंच की!"

हे चालू असताना जावई दारात येऊन उभा राहिला होता. एका हाताने बुटाची नाडी सोडता सोडता तो तसाच ओणवा राहिला. मग एका पायात बूट घेऊन आत आला आणि सासऱ्यांची वही वाचू लागला. दिवा बंद, रिमोट चालू. दिवा चालू, रिमोट बंद. सत्तावीस नोंदी, एकही खाडाखोड नाही.

तीन महिन्यांपूर्वी नव्या चोकमधले ट्रान्झिस्टर तापत होते, तेव्हा ते थंड राहावेत म्हणून त्याने चोकचा वेग कमी केला होता. त्यामुळे ट्यूब सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा लुकलुकू लागली. डोळ्यांना ते दिसत नाही. रिमोटसुद्धा न दिसणाऱ्या उजेडाने, नेमक्या याच वेगाने लुकलुकून टीव्हीशी बोलतो. म्हणजे सोमवारपासून ट्यूब टीव्हीच्या कानाशी अखंड आरडाओरडा करत होती आणि रिमोट बिचारा त्या गोंगाटात आपले म्हणणे मांडत होता. ही गोष्ट जावयाला ठाऊक नव्हती असे नाही. चोकवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. ट्रान्झिस्टर थंड झाल्याच्या आनंदात तो ती विसरला होता, एवढेच.

मग त्याला हॉटेल आठवले. सहाशे ट्यूब, आणि खोलीगणिक एक टीव्ही. खोलीखोलीतून छत्र्या उघडून बसलेले पाहुणे त्याच्या डोळ्यांसमोर आले आणि त्याने घाईघाईने मालकांना फोन लावला.

"साहेब, शनिवारचा टेम्पो थांबवा."

"का? चोक जळतायत?"

"नाही, चोक उत्तम चालतायत. टीव्ही चालत नाहीत."

"आपण टीव्ही कधीपासून बनवायला लागलो?"

जावयाने सगळे समजावून सांगितले. शेवटी मालकांनी विचारले, "कोणाच्या लक्षात आलं हे? लॅबमधे?"

लॅबमध्ये, असे म्हणायला काहीच हरकत नव्हती. लॅब म्हणजे तो स्वतःच होता. पण सासरे शेजारीच उभे होते, आणि उत्तर लिहून घ्यायला आल्यासारखी त्यांची पेन्सिल वर उचललेली होती.

"माझ्या सासऱ्यांच्या," जावई म्हणाला.

सहाशे डबे उघडले गेले. प्रत्येकातला एक छोटा कपॅसिटर बदलला, वेग वाढवला, ट्रान्झिस्टरला जास्त मोठी पत्र्याची पट्टी लावली आणि डबे पुन्हा बंद झाले. याला दहा दिवस लागले. हॉटेलवाले रागावतील म्हणून मालक रोज फोनची वाट बघत होते, पण तिथले प्लास्टरच अजून ओले होते, त्यामुळे उशीर झाल्याचे कोणाला कळलेदेखील नाही.

त्यानंतरच्या रविवारी मालक आभार मानायला स्वतः घरी आले. चहा घेता घेता त्यांनी वही चाळली आणि चहा निवून गेला.

"काका, आमच्याकडे तपासनीस म्हणून याल का? आठवड्यातून तीन दिवस."

बायकोला आनंद झाला. बाबांचा वेळ जाईल, म्हणाली. जावयालाही आनंद झाल्याचे त्याने सांगितले.

सासऱ्यांचा मुक्काम वाढला. सोमवारी ते आणि जावई एकाच बसने कारखान्यात गेले. बुधवारी जावयाच्या टेबलावर टाइप केलेला कागद आला. नव्या डिझाइनचा नग क्रमांक तीन नाकारण्यात आला असून डिझाइन विभागाने समक्ष येऊन खुलासा करावा, असे त्यात म्हटले होते. डिझाइन विभागात एकच माणूस होता. तो खुलासा करायला गेला, तेव्हा तपासनीस जेवायला गेले होते. परत गेला, तेव्हा ते घरी निघून गेले होते, कारण त्यांची वेळ चारपर्यंतच होती.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर जावई सासऱ्यांच्या खुर्चीपाशी घुटमळला. बडीशेपेची डबी त्यांच्यापुढे केली. सासऱ्यांनी चिमूटभर घेतली.

"बाबा, तीन नंबरच्या नगात नेमकं काय कमी आहे हो?"

सासऱ्यांनी पेपरचे पान उलटले आणि घडी नीट केली.

"ऑफिसचं ऑफिसात, जावईबापू," ते प्रेमाने म्हणाले. "लेखी विचारा."