रविवारचा दगड

गणपत मास्तरांना वेळ विचारू नये. विचारणाऱ्याला ते अंगणातल्या बांबूपाशी उन्हात उभं करतात, बांबूची सावली दाखवतात आणि म्हणतात, "तुले काय वाटते?" आदिलाबादची बस गाठायच्या घाईत एकदा मी ही चूक केली. सावलीकडे बघता बघता बस निघून गेली. मी तणतणत परत आलो, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "आता तरी कळलं ना, किती वाजले?"

तेलंगणात, तलमडुगूजवळच्या आमच्या गावात त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. मधे कमरेएवढी भिंत. तीस वर्षं त्यांनी शाळेत उत्तरं घोकवून घेतली आणि न घोकणाऱ्यांना वेताच्या छडीनं बडवलं. निवृत्त झाले, बायको गेली, आणि माणूस एकदम उलटा झाला. कुणालाच कशाचंच उत्तर देईना. म्हातारी गोदाबाई औषधाची बाटली घेऊन आली, "मास्तर, हे पोटात घ्याचं का गुडघ्याले लावाचं?"

"तुले काय वाटते, गोदे?"

"मले वाटते, तुह्या टकलावर ओतावं!"

शेवटी वास घेऊन तिनंच ओळखलं, गुडघ्याचं होतं. पण शिव्या घालतच गेली.

मी बैलांचा दलाल. चौथीत शाळा सोडली. बैलाचे दात, खूर, चाल, सगळं बाजारात उभं राहून शिकलो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा पसरायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्याला पत्ता लागत नाही. आणि एकदा हात दिला की सौदा मोडायचा नाही. जो मोडतो त्याला पुढच्या बाजारात कुणी हात देत नाही.

कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा माझी वैशू दहा वर्षांची होती. शाळा उघडली तशी म्हणते, "बाबा, मी नाई जात. मास्तरकाकाजवळ मले लय काम हाये."

मी म्हटलं, बरं. मी तरी कुठं शिकलो होतो? मग सकाळी मास्तरांचं अंगण आणि बाजाराच्या दिवशी माझ्यासोबत बैल, असं तिचं सुरू झालं. मास्तर शिकवत काहीच नसत. ती विचारायची, ते उलट विचारायचे, आणि ती चिडून स्वतःच शोधायची. तेलुगू ती बाजारात शिकली. एकदा एक व्यापारी माझ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, बैल गाईहून गरीब आहे. वैशूनं तेलुगूत विचारलं, "मग याला दोन दोऱ्या कशाला?" सगळा बाजार हसला. सौदा गेला. मी तिच्यावर ओरडलो, आणि घरी येऊन बायकोला तीन वेळा तीच गोष्ट सांगितली.

एका संक्रांतीला तिला नवीनच शंका आली. रोज दुपारी बारा वाजता बांबूची सावली एकाच जागी पडते का?

"तुले काय वाटते?" मास्तर म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी माझ्या मोबाइलात बघून बरोबर बाराला सावलीच्या टोकाशी एक पांढरा दगड. वर्ष भरलं की त्या दगडांचा काय आकार होतो ते पाहायचं. ती मला विचारायची, "बाबा, गोल होईन का सरळ रेघ?" मी म्हणायचो, मले काय माहीत. मास्तरांना माहीत असावं, पण त्यांच्या तोंडून ब्रह्मदेवालाही काढता आलं नसतं.

त्या उन्हाळ्यात एका लग्नात, भरल्या पंगतीत, माझा साळा म्हणाला, "दाजी, बैलाले वेसण घालता, पोरीले शाळेत नाई घालत?" लोक हसले. मी ताट तसंच ठेवून उठलो. घरी येईपर्यंत ठरलं होतं. पोरगी शहरात, वसतिगृहाच्या शाळेत जाणार.

तरी भिंतीवरून विचारलं, "मास्तर, पाठवू का पोरीले?"

"तुले काय वाटते, किसन?"

"मले काय वाटते ते मले माहीत हाये! तुमी सरळ सांगा ना एकडाव!"

ते आत गेले. हा राग मी आजवर धरून आहे. त्या माणसानं त्या दिवशी एक 'नको' म्हटलं असतं तर?

शाळेत गेलो. फी ऐकली आणि माझ्यातला दलाल जागा झाला. टेबलावर दुपट्टा पसरला, त्याखाली मोठ्या सरांचा हात धरला आणि बोटं दाबली. सर खुर्चीसकट मागे सरकले. "अरे भाई, ये क्या कर रहे हो?"

"सौदा है सर. आप भी दबाओ."

बाहेर पोरं दारातून बघत होती. हात सोडवायला सर घाईनं म्हणाले, "ठीक है, ठीक है, कम करते!" मी असा खूश, जसा खिलारी जोडी अर्ध्या भावात मारली. बैल घेताना मी त्याला चालवून बघतो, दात बघतो, रात्रभर दावणीला ठेवून बघतो. शाळा मात्र नुसत्या भावावर घेतली. वैशू बाजूला उभी होती. तिला विचारायचं सुचलंच नाही.

आठ दिवसांत तिचा फोन आला. "बाबा, इथं काई विचारलं की खाली बसवतेत. येऊ का घरी?"

"मी हात देल्ला हाये, बाई," मी म्हटलं. "सौदा मोडता येत नाई."

त्या सरांना बोटांची भाषा येतच नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

ती गेली तो जून महिना. सावली आखडून बांबूच्या पायाशी आलेली. मला वाटलं, संपला दगडांचा खेळ. पण पावसाळ्यातल्या एका रविवारी पाहतो तर मास्तर छत्री घेऊन बांबूपाशी उभे, हातात दगड आणि मनगटावर चक्क घड्याळ!

"मास्तर, ऊन तर नाई, सावली कोणाची पाहून राह्यले?" मी भिंतीवरून हसलो.

मास्तर सव्वाबारापर्यंत थांबले, दगड खिशात टाकून आत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा उभे.

वैशू फोनवर विचारायची, "काकाले विचारा ना, काय आकार झाला?" आधी दर वेळी विचारायची. मग कधीतरी. दिवाळीनंतर विचारणं थांबलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

संक्रांतीला ती आली. वर्गात पहिली होती. मास्तरांनी अंगण झाडून, शेण-पाण्यानं सारवून ठेवलं होतं. मधे पांढऱ्या दगडांचा लांबट आठचा आकडा, पावसाळ्याच्या जागी थोडा तुटलेला. मी बघतच राहिलो. सूर्यानं वर्षभर हे काढलं होतं, आणि मास्तरांनी एका पोरीसाठी ते राखलं होतं.

वैशूनं दगडांभोवती एक चक्कर मारली. "छान हाये, काका." मग विचारलं, "हे परीक्षेत येते का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. आता म्हणतील, तुले काय वाटते.

"नाई बाई," मास्तर म्हणाले. "येत नाई."

ती चहा पिऊन अभ्यासाला गेली.

ती परत शहरात गेली त्या रविवारी मी भिंत ओलांडून त्यांच्याकडे गेलो. ते बाजेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सुरू केलं, "तवा मले सरळ काऊन नाई सांगितलं? माही पोरगी होती ते!"

"माह्या पोराच्या वक्ती सरळच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "हेच शिक, तिथंच जा, असाच राहा. छडी घेऊन सांगितलं. गेला तो. बारा वर्षं झाले, फोन नाई." हातातला दगड बाजेवर ठेवून म्हणाले, "म्हून मंग कोणालेच सांगत नाई."

मी त्यांच्या बाजूला बसलो. सवयीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोघांच्या हातांवर पसरला आणि त्याखाली त्यांचा हात धरला. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. मीही नाही. बाजेवर घड्याळ आणि दगड पडून होते. ऊन लख्ख होतं. बारा वाजले, सावली तिच्या जागी आली आणि सरकली. आम्ही दोघंही उठलो नाही.