पडद्याबाहेरचा 'नाही'

"एकदाच लिहायचं आणि कुठल्याबी मोबाईलवर चालवायचं! बोला, सायेब!" दीक्षानं टेबलावर अशी थाप मारली, की कागलच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या मॅनेजरचा, जोतीरामसाहेबांचा, चहा बशीत आला.

साल दोन हजार सात. आता सगळ्यांच्या हातात एकसारख्या काचा असतात. तेव्हा तसं नव्हतं. जितकी माणसं, तितक्या तऱ्हेचे मोबाईल! कुणाचा साबणाच्या वडीसारखा, कुणाचा डबीसारखा उघडणारा, कुणाचा रिंग वाजली की अख्खी गल्ली जागी करणारा. पडदेही तसेच, एखादा पोस्टकार्डाएवढा, तर एखादा तिकिटाएवढा. या साऱ्यांवर चालेल असा एकच प्रोग्राम दीक्षानं लिहिला होता. कंपनीनं निरोप टाईप करायचा, की ऐंशी कामगारांच्या मोबाईलवर तो मोठ्या अक्षरांत झळकायचा.

तिचं सारं काही या प्रोग्रामवर टांगलेलं होतं. वडिलांनी, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या गणपतरावांनी, साफ सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत एका तरी कंपनीचं पत्र या घरात आलं पायजे. न्हाईतर गारगोटीच्या शाळंत मास्तरीण म्हणून गुमान हजर व्हायचं. मी शब्द टाकून आलोय!"

"आणतो की पत्र!" दीक्षा म्हणाली. कोल्हापूरची पोर, 'आणते' म्हणायला तिची जीभ वळायची नाही.

साहेबांनी चाचणीला होकार दिला, आणि पहिल्याच दिवशी भट्टीवरचा बाळासो मोबाईल नाचवत आला. "ताई, ह्यात निस्त्या खिडक्याच खिडक्या आल्यात. घर कुठं हाय?"

बाळासोच्या मोबाईलला मराठी येत नव्हतं. प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक चौकोन! दीक्षानं रात्रंदिवस डोकं लढवलं आणि शेवटी मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली.

मग बटणांनी दगा दिला. 'समजलं' हे बटण एका कंपनीच्या मोबाईलवर डावीकडं यायचं, दुसरीच्या उजवीकडं. बाळासोनं सवयीनं डावं बटण दाबलं आणि प्रोग्रामच बंद! तो आठ दिवस बंद प्रोग्रामकडे बघून म्हणत होता, "कंपनीचा निरोपच न्हाय. लई शांत कंपनी!"

दीक्षानं तेही निस्तरलं. आपल्या मोबाईलवर पन्नास वेळा तपासून पाहिलं. तिचा मोबाईल मात्र मामानं पुण्याहून आणलेला, ऐसपैस पडद्याचा. तिथंच घोळ झाला!

दसऱ्याच्या आधी गावचा उरूस आला. कामगारांत कुजबुज सुरू झाली की कंपनी सुट्टी देणार. नेमके त्याच दिवशी मोठी ऑर्डर द्यायला पुण्याचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. जोतीरामसाहेब म्हणाले, "म्याडम, टाका निरोप. आज बघूच तुमचा प्रोग्राम. ह्यो लागू पडला, तर उद्या पत्र!"

दीक्षानं संध्याकाळी पाच वाजता इंग्रजी अक्षरांत टाईप केलं : उद्या कंपनीला सुट्टी नाही.

सकाळी साडेसातला कंपनीची बस आली. बसमधून उतरला फक्त ड्रायव्हर!

"म्याडम!" फोनवर साहेबांचा आवाज चिरकला होता. "संप म्हणावा, तर कुणी घोषणाबी देईना! धा वाजता पावणं यायचेत हो!"

दीक्षानं स्कूटी काढली. "एकटी नगं जाऊस, सायेब तापलेला असंल," म्हणत आई मीनाबाई मागं बसल्या. मीनाबाईंनी तीस वर्षं बालवाडी चालवली होती. त्यांच्या आवाजापुढं ढोलताशाचंही काही चालत नसे.

गेटवर बाळासो भेटला. कोरा शर्ट, कपाळाला गंध. काल विसरलेला जेवणाचा डबा न्यायला आला होता.

"बाळासो, कामावर का न्हाय आलास?"

"तुम्हीच सुट्टी दिलीसा की! समद्यांना वाचूनबी दाखवली म्या." त्यानं मोबाईल पुढं केला. तिकिटाएवढ्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं : उद्या कंपनीला सुट्टी.

ओळ लांब, पडदा आखूड! निरोप खालच्या ओळीवर न वळता सरळ पुढं निघून गेला होता. आणि मराठीत नकार बसतो कुठं? अगदी शेवटी!

"अरे, पुढं 'नाही' हाय!"

बाळासोनं मोबाईल आडवा केला, उलटा केला, हलवूनही पाहिला. "कुठं हाय?"

"पडद्याच्या भायेर हाय."

"मग आत बोलवा की त्याला!"

दीक्षानं घाईनं नवा निरोप पाठवला : सुट्टी नाही. दोनच शब्द, मावले! पण उरुसातल्या गोंगाटात मोबाईलकडं बघतंय कोण? एकही माणूस हलला नाही. साहेब डोकं धरून बसले. दीक्षाला डोळ्यांपुढं गारगोटीची शाळा दिसायला लागली.

"यादी आण हिकडं," मीनाबाई म्हणाल्या. त्यांनी कंपनीचा फोन ओढून घेतला.

"कोण? आकाराम? मी मीनाबाई बोलतोय, कंपनीतनं! पाळण्यात बसलाईस? वर हाईस? मग खाली येऊ दे, आनि आला की उडी मार! ...आवाज येत न्हाय? आता येतोय का? ...हां! पिराजी शेजारीच हाय का? त्याचं भजं काढून घे आनि संगट घिऊन ये!"

खिडकीवरची कबुतरं उडाली. काहींना तर फोन न करताच ऐकू गेलं असावं, असं ड्रायव्हर पुढं कित्येक वर्षं सांगत असे.

पावणेदहाला ऐंशीच्या ऐंशी हजर! कुणाच्या हातात भिरभिरं, कुणाच्या खिशात बांगड्यांचा डझन. पाहुणे थक्क! "तुमचे कामगार रोज इतके नटून येतात?"

"आमच्यात कामाला देव मानत्यात, सायेब," जोतीरामसाहेब घाम पुसत म्हणाले. ऑर्डर मिळाली!

तिसऱ्या दिवशी घरी कंपनीचं पत्र आलं. गणपतरावांनी चष्मा लावला, खाकरले आणि मोठ्यानं वाचू लागले : "श्रीमती मीनाबाई यांस, आमच्या कारखान्यात निरोप विभागाच्या प्रमुख म्हणून..."

त्यांनी पाकिटावरचं नाव परत पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं.

"पुढं माझं काय हाय का?" दीक्षानं क्षीण आवाजात विचारलं.

"हाय. 'मोबाईलचा प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या कन्येस मदतनीस म्हणून घेण्यात येत आहे.'" गणपतरावांनी पत्राची घडी घातली. "पत्र घरात आलं. शब्द म्हंजी शब्द. गारगोटी रद्द!"

दीक्षाला हसावं की रडावं कळेना. ती तशीच पायरीवर बसली. तोवर मीनाबाई नवं लुगडं नेसून, पर्स काखेला लावून दारात उभ्या.

"बसलीस काय? मदतनिसानं सायबाच्या आधी जाऊन टेबल पुसायचं असतंय!"