मूळ प्रेषकाची सही

१९५७ च्या ऑक्टोबरात अमरावतीच्या एका हायस्कुलातले विज्ञानशिक्षक शेषराव वानखडे यांच्या रेडिओवर रशियाचा उपग्रह बोलू लागला. उपग्रह मोठ्या टरबुजाएवढा. बोलणंही बेताचंच : बीप, बीप. अशा नोंदी तातडीनं कळवाव्यात, असं दिल्लीच्या एका संस्थेनं वर्तमानपत्रातून आवाहन केलं होतं. शेषरावांनी चार दिवस घड्याळ समोर ठेवून आवाज कधी आला, कधी गेला, ते टिपलं. वर्गात कुणी ऐकत नसे. दिल्ली ऐकणार म्हणून माणूस हरखून गेला होता.

"मंग तार करून द्या ना," पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या. "काहून बसून राहिले?"

तारबाबूनं मजकुरात नुसते आकडे पाहिले, वर 'परराष्ट्राचा उपग्रह' हे शब्द पाहिले आणि त्यांना संदेश-सुरक्षा कार्यालयात धाडलं.

तिथले अधिकारी कमलाकांत जोगळेकर अत्यंत सज्जन होते. "मास्तर, माहिती सुरक्षितही हवी आणि विश्वसनीयही," ते म्हणाले. सुरक्षिततेसाठी सगळे आकडे सांकेतिक अक्षरांत लिहून पाकिटाला लाख लावण्यात आली. संकेताची किल्ली दुसऱ्या पाकिटात घातली. पण पहिलं पोचल्याची पावती येईपर्यंत दुसरं पाठवायचं नव्हतं. आणि पाकिटात काय आहे हे कळल्याशिवाय दिल्ली पावती देईना.

"साहेब, त्याची बॅटरी तीनच आठवड्यांची हाय!"

"म्हणूनच घाई नको. घाईत चुका होतात."

विश्वसनीयतेसाठी एक प्रत अकोल्याच्या शाखेतही ठेवली होती. तिथल्या कारकुनानं शुद्धलेखनाच्या प्रेमापोटी प्रत्येक 'बीप' नंतर पूर्णविराम दिला. दोन प्रतींत तफावत निघाली. आता खरी प्रत कोणती, हे मूळ प्रेषकच सांगू शकत होता.

"त्याची सही आणा," जोगळेकर म्हणाले.

"तो आभायात फिरून राहिला, साहेब. दीड तासात पृथ्वीले चक्कर मारते."

जोगळेकरांनी चष्मा काढला. "मुख्यालय सोडण्याची परवानगी आहे त्याच्याकडे?"

चौकशीचं पत्र निघालं त्याच दिवशी बीप थांबलं. शेषराव संध्याकाळभर रेडिओची कळ फिरवत राहिले. मनकर्णाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली आणि मग स्वतःच त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

कार्यालयानं अहवाल दिला : संपूर्ण व्यवहारात माहितीची गळती शून्य. ज्याला पाठवायची होती त्यालासुद्धा ती कळली नाही. एवढ्या निर्दोष कामगिरीबद्दल गावानं जोगळेकर आणि शेषराव दोघांचाही जाहीर सत्कार केला. शाल घेऊन शेषराव उभे राहिले. "मले चार दिवस काय आयकू आलं, थे सांगू का?"

"गोपनीय!" अध्यक्ष म्हणाले.

आम्ही तीनशे जण होतो. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि चिवड्याकडे वळलो. तुम्ही असता तर निदान थांबून विचारलं असतं, असं तुम्हाला वाटत असेल. घरून निघताना आम्हालाही आपल्याबद्दल तसंच वाटत होतं.