न वाजणारा कीबोर्ड

दरवर्षी उपासकाळाचे चाळीस दिवस मी चॉकलेट सोडते. यंदा मात्र राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन देवळातून घरी येताना मनात आलं, गोदेलीव्ह, चॉकलेट सोडण्यात आता कसलं पुण्य? ते तर डॉक्टरांनीच बंद केलंय. काहीतरी अवघड सोड. तशीच मागे फिरले, संत फ्रान्सिसच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावली आणि व्रत घेतलं: ईस्टरपर्यंत नवऱ्याला उलट बोलायचं नाही. तो म्हणेल त्याला तोंडातून ‘नाही’ काढायचं नाही.

(चॉकलेटच सोडायला हवं होतं.)

संत फ्रान्सिसच का, तर हे पक्ष्यांशी बोलणारे फ्रान्सिस नव्हेत, दुसरे; लिहिणाऱ्यांचे पालक संत आणि बहिऱ्यांचेही. आमच्या घरी त्यांच्या दोन्ही खात्यांत काम पडलं होतं.

माझा नवरा फिर्मिन चौतीस वर्षं लेई नदीकाठच्या कापडगिरणीत मागावर होता. गिरणीने निवृत्तीच्या दिवशी त्याला घड्याळ दिलं आणि कान ठेवून घेतले. हे त्याला मात्र मान्य नाही. त्याचं म्हणणं, कान ठणठणीत आहेत, जगच हल्ली पुटपुटायला लागलंय. पत्त्यांचा अड्डा त्याने सोडला, कारण तिथे सगळे “तोंडात बटाटा ठेवून” बोलतात. मग देऊळ सोडलं, कारण फादर ओदिलोन “मिशांत बोलतात”. (फादरना मिशा नाहीत.) राहता राहिली परसात पाळलेली कबुतरं. त्यांच्याशी तो तासन्‌तास बोलतो, कारण ती प्रश्न विचारत नाहीत.

म्हणून मीच फादरना सुचवलं होतं, की देवळात पुढे एक मोठा पडदा लावू. तुम्ही बोला, मी मागे खांबाआड बसून टाइप करते, शब्द पडद्यावर उमटतील. म्हाताऱ्यांची सोय होईल. ‘म्हातारे’ म्हणजे नेमका कोण, हे मला आणि संत फ्रान्सिसना ठाऊक होतं. फिर्मिन पुन्हा माझ्याशेजारच्या बाकावर आला पाहिजे, एवढंच माझं मागणं. गुड फ्रायडेला सुरुवात करायची ठरली.

आणि ते ठरल्यावर तिसऱ्याच दिवशी माझ्या कोपराने कॉफीचा मग कीबोर्डवर आडवा केला. अर्धी बटणं मुकी झाली.

“काळजी करू नकोस,” फिर्मिन म्हणाला. “नवा कीबोर्ड मी निवडतो. स्वस्त आणि मस्त. यंत्रातलं मला कळतं.”

दोन वर्षांत पहिल्यांदा तो कशासाठी तरी खुर्चीतून उठला होता. मी ‘नाही’ कशी म्हणणार? (व्रतही होतंच.)

कोर्ट्राइक शहरातल्या दुकानात आनेलोर नावाची गोड मुलगी होती. तिने समजावलं, की या मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, हवा तो बसवता येतो, पुढे बदलताही येतो. तांबडा मऊ चालतो, तपकिरी बोटाला किंचित अडतो आणि निळा वाजतो. नमुन्याला एका पट्टीवर तिन्ही लावलेले होते. फिर्मिनने डोळे मिटले आणि कापडाचा पोत बघावा तसं तिन्हींवर बोट फिरवलं.

“निळा,” तो म्हणाला.

“आजोबा, देवळासाठी हवाय ना? निळा फार वाजतो हो!” आनेलोर ओरडून म्हणाली.

“कुठे वाजतो?” फिर्मिनने निळा दहा वेळा दाबला. शेजारच्या काउंटरवरच्या बाईने दचकून पर्स छातीशी धरली. “हे बघ. मांजराचं पाऊल! आवाज आहे का, लिव्ह?” त्याने मला विचारलं.

आनेलोरने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं. चाळीसातले पंधरा दिवस झाले होते.

“तू म्हणशील तसं,” मी म्हणाले.

कीबोर्ड सत्तर युरोच्या आत बसला. उपासकाळाचा रंग म्हणून मी जांभळ्या बटणांचा संच मागितला, तेवढीच माझी निवड. घरी येऊन पहिली ओळ टाइप केली, तर परसातली कबुतरं भर्रकन उडाली आणि संध्याकाळपर्यंत परतली नाहीत.

पण खरं सांगते, तो कीबोर्ड हाताला फार छान होता. माझी बोटं संधिवाताने आखडलेली, जुन्या बटणांना कणीक तिंबल्यासारखं दाबावं लागे. इथे नुसतं टेकलं की अक्षर. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाच्या बोलण्याच्या वेगाने लिहीत होते. आवाजाचं रुमालबिमाल खाली घालून भागवू, असं मी मनाशी ठरवलं.

मी रुमाल घालतेय हे फिर्मिनने पाहिलं. “हलतोय तो टेबलावर. थांब, बैठक करून देतो.”

आणि माझा माणूस कामाला लागला! स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रू, ब्रश, तेलाची कुपी. सूप एका कोपऱ्यात, आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात. कीबोर्ड उघडून त्याने आतला स्पंज काढून फेकला. “भुसा भरून माल विकतात लेकाचे.” मग त्याने कपाटामागून गिरणीतली एक ओकची फळी काढली. त्याच्याच मागाची, माग मोडला तेव्हा मागून आणलेली. तिची त्याने खाली पोकळ अशी सुबक पेटी केली, तासली, घासली, मेण लावलं. गिटार बनवणारे आवाज घुमावा म्हणून नेमकं असंच करतात, हे मला नंतर कळलं. काम करताना तो शीळ घालत होता. ती शीळ मी दोन वर्षं ऐकली नव्हती.

“आता तर अजिबातच आवाज नाही,” तो म्हणाला.

“छान झालंय रे,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

“शुक्रवारी मी येतो देवळात. कसा चालतो बघायला पाहिजे.”

मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि संत फ्रान्सिसना आणखी एक मेणबत्ती कबूल केली.

गुड फ्रायडेच्या दुपारी तीनला देऊळ भरलेलं. त्या दिवशी आमच्याकडे घंटा मुक्या असतात (पोरांना सांगतात, घंटा रोमला गेल्या), ऑर्गनही बंद. घंटेऐवजी लाकडी टाळी वाजवतात. एक ठोका, सगळ्यांनी गुडघ्यांवर. पुढचा ठोका, उभं राहायचं. फिर्मिन तिसऱ्या बाकावर, त्याच्यापुढे झुल्मा. ऐंशी वर्षांची, देवळातलं काय केव्हा करायचं हे तिला पाठ, म्हणून सगळं गाव तिच्याकडे बघूनच उठतं-बसतं.

फादरनी प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन सुरू केलं. मी टाइप करू लागले. दगडी देवळात गारांचा पाऊस पडल्यासारखं झालं, पण मान वर करायला सवड कुणाला? शब्द पडद्यावर भराभर उमटत होते, फिर्मिन वाचत होता! पहिला परिच्छेद संपला. मी एंटर दाबलं.

ठाक्‌!

झुल्मा गुडघ्यांवर. तिच्यामागून सगळं देऊळ गुडघ्यांवर. फादर जरा गोंधळले, पण वाचत राहिले. दुसरा परिच्छेद. एंटर. ठाक्‌! सगळे उभे. तिसरा. ठाक्‌! खाली. मला वाटलं, यंदा लोकांची भक्ती काय वाढलीय! सहाव्या एंटरला झुल्मा अर्ध्यात अडकली आणि बाक धरून मागे वळली.

“फिर्मिन! तुझा माग बंद कर! माझे गुडघे ऐंशी वर्षांचे आहेत!”

फादर थांबले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. फिर्मिनने पडद्याकडे पाहिलं, तिथे नवं काही नाही. लोकांचे चेहरे पाहिले. मग तो वळला आणि, त्याच्या मते कुजबुजत, पण कबुतरखान्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, “लिव्ह, सगळे तुझ्याकडे का बघतायत? हा वाजत नाही ना गं?”

ईस्टरला दोन दिवस बाकी. पण व्रत तोंडाचं होतं, बोटांबद्दल मी संत फ्रान्सिसशी काहीच बोलले नव्हते. बोटं आपोआप चालली, आणि पुढच्या पडद्यावर, हातभर अक्षरांत, सगळ्या गावासमोर उमटलं:

वाजतो. फार वाजतो. तुला ऐकू येत नाही, फिर्मिन.

फिर्मिनने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“कधीपासून?” त्याने विचारलं. या वेळी आवाज लहान होता. माझी बोटं पुन्हा चालली:

सहा वर्षं. पण हा कीबोर्ड मला जिवापाड आवडलाय. आणि तू घरात शीळ घालतोस ती मला पुन्हा ऐकायचीय. तूही ऐक ना.

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग सावकाश म्हणाला, “बरं. ईस्टर होऊ दे. जाऊ डॉक्टरांकडे.”

फादर ओदिलोननी घसा साफ केला. “पडद्यावर जे येईल ते आज प्रार्थनेत धरू,” ते म्हणाले. “झुल्मा, तुम्ही बसूनच ऐका.”

मे महिन्यात फिर्मिनच्या कानांमागे दोन छोटी यंत्रं आली. घरी आल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल, तर कीबोर्डवर एक बोट टेकवलं. आणि दचकून मागे सरकला.

“अगं, हा तर माग आहे! तू बोलली का नाहीस?”

(ईस्टर होऊन गेलं होतं. त्यानंतर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.)

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आनेलोरकडे जाऊन तांबडे स्विच घेऊन आला. ओकच्या पेटीत त्याने लोकर भरली. आता खरंच मांजराचं पाऊल. पत्त्यांच्या अड्ड्यावरही जायला लागलाय, तिथले बटाटे म्हणे संपले.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या रविवारी टाइप करायला मी रजा घेतली आणि त्याच्याशेजारी बसले, झुल्मा पुढे. घंटा वाजल्या, ऑर्गन घुमला, त्याने माझा हात दाबला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मग गीत सुरू झालं. इतक्या वर्षांनी नवरा ऐकतोय म्हणून मी छाती भरून, गळा सोडून गायले. दुसऱ्या कडव्याला फिर्मिनचा हात हळूच कानामागे गेला. आधी डाव्या, मग उजव्या. आणि चेहऱ्यावर संतासारखी शांती पसरली.

झुल्माने वळून ते पाहिलं. तिचे कान अजून सशासारखे आहेत. ती त्याच्याकडे वाकली, त्याला ओठ वाचता यावेत म्हणून तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा म्हणाली:

“बंदही करता येतात? मलाही आण ना दोन.”